काढून टाकलेला वार

दार उघडं होतं, टीव्ही चालू होता आणि उकऱ्या टीव्हीसमोरच्या खुर्चीतून ओघळून खाली पडला होता. डोक्याची मागची बाजू म्हणून काही उरलीच नव्हती. हातोडा शेजारी टाकलेला, त्याच्याच खणातला. मारणाऱ्याने एका घावावर भागवलं नव्हतं. माणूस मेल्यानंतरही तो मारतच राहिला असावा, कारण रक्त भिंतीवर होतं, कपाटावर होतं, छताच्या कडेलाही होतं.

खालच्या घड्याळवाल्याने सकाळी हे पाहिलं आणि जी बोंब ठोकली ती थेट चौकीत ऐकू आली. फौजदार बाई अर्धा कप चहा तसाच टाकून निघाल्या. बाईंना रक्ताने कधी मळमळत नसे, मूर्खपणाने मात्र हटकून मळमळे. आणि त्या दिवशी मूर्खपणाला खुनापेक्षा जास्त ऊत येणार होता.

उकऱ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याचा धंदाच तो. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी उघडायच्या आणि बनवणाऱ्यांनी आत काय काय टाकून दिलंय ते उकरून काढायचं. ज्या खोलीला दारच नाही अशी खोली, कधीच न वाजलेलं गाणं, कुठल्याच लढाईत न उतरलेला पहिलवान. खेळणाऱ्याने जन्मभर बटणं दाबली तरी त्याला ते दिसणार नाही, पण कॅसेटच्या पोटात ते असतं. उकऱ्या ते बाहेर काढून जगाला दाखवायचा आणि जगभरातली त्याच्यासारखीच वेडी माणसं त्यावर जीव टाकायची. कुणाचं वाईट करणारा माणूस नव्हता हो. लग्न नाही, उधारी नाही, व्यसन म्हणाल तर हेच.

टीव्ही जुना, फुगीर काचेचा. पडद्यावर एक चित्र थिजून उभं होतं. डोक्यापासून गळ्यापर्यंत मुखवटा घातलेला माणूस, डाव्या खांद्यावरून कमरेपर्यंत रुंद चामडी पट्टा, डाव्या हातात उगारलेला लोखंडी गज. त्याच्यासमोर उघड्या अंगाचा एक पहिलवान गुडघ्यातून मोडत होता. काचेवर धुळीचा थर होता आणि त्या धुळीत, मुखवट्याच्या अगदी शेजारी, पंजाचा अख्खा ठसा उमटला होता. उकऱ्याचा पंजा छोटा, मुलीसारखा. हा पंजा मोठा होता. बाईंनी आधी तो ठसा उचलून घेतला, मगच बाकीच्यांना खोलीत पाऊल टाकू दिलं.

भिंतीवर त्याच गेमच्या डब्याचं मूळ झाकण चौकटीत लावलं होतं. त्यावर ठसठशीत अक्षरांत नाव, ‘पोलादी पंजा’, आणि त्याखाली त्याच मुखवट्याचा खराखुरा फोटो. मूठ पुढे, छाती बाहेर, उजव्या खांद्यावरून कमरेपर्यंत रुंद चामडी पट्टा. बाईंनी दोन्ही चित्रं डोळ्यांखालून घातली. मनात काहीतरी खुपलं, पण काय ते लगेच कळेना.

हवालदाराचं सगळं बालपण या गेमवर गेलेलं. त्याची जीभ लगेच सैल सुटली. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा चित्रं हाताने काढायचे, पण या गेममध्ये मात्र खऱ्या पहिलवानांना कॅमेऱ्यासमोर लढवून त्यांचीच चित्रं कापून घातली होती. दोन सख्खे भाऊ. थोरला उघड्या अंगाने लढायचा, धाकटा मुखवटा घालून. गेम पूर्ण होण्याआधीच थोरला मेला. लोखंडी जिन्यावरून पडला असं कागदोपत्री लागलं. पडद्यावरचा हा गजाचा वार मात्र हवालदाराने गेममध्ये कधीच पाहिला नव्हता, आणि थोरल्याचं ते मोडणं त्याला खेळातलं वाटेना.

“आणि बाई, धाकटा डावखुरा आहे,” हवालदार म्हणाला. “लहानपणी कसल्याशा यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याची. त्या हाताने त्याला धड पेलाही धरता येत नाही. आता बघा पडद्यावर. गज कुठल्या हातात आहे?”

म्हणजे हवालदाराचा तपास संपला होता. उकऱ्याच्या फोनवर आदल्या दिवशीचे तीन फोन होते. गेमची चित्रं कापणाऱ्या बाईला, गेम काढणाऱ्या मालकाच्या कचेरीला आणि धाकट्याला. हवालदाराला तेवढं पुरे होतं. बाईंना पुरे नव्हतं. ज्या चित्रापायी माणसाचा जीव घेतला, ते चित्र खुनी तसंच झगमगत ठेवून का जाईल? एक बटण दाबलं असतं तर संपलं असतं.

धाकटा त्याच्या तालमीत पोरांना बैठका काढायला लावत होता. साठीला आला तरी खांदे दाराएवढे. बाईंनी त्याला एवढंच सांगितलं, की त्यांच्या जुन्या गेममध्ये एक लपलेला तुकडा सापडलाय, त्यात तुझ्या थोरल्याला कुणीतरी ठार मारताना दिसतंय, आणि तो शोधणाराही आता मेलाय. चित्र दाखवलं नाही, गजाचा शब्दही काढला नाही. धाकट्याने पोरांना घरी पाठवलं, घाम पुसला आणि दोन्ही हात पुढे केले.

“दोन्ही मीच केलं.”

“भावाला कशाने मारलंस?”

तो घुटमळला. “डंबेलने.”

“कुठे?”

“जिन्यावर.”

“आणि काल त्या उकऱ्याला?”

“गळा दाबला. चला ना बाई, कशाला उगाच वेळ घालवता?”

बाईंनी त्याला गाडीत बसवलं, पण बेडी घातली नाही. एवढी वर्षं खोटं ऐकून ऐकून त्यांचा कान तयार झाला होता, आणि इतकं भिकार खोटं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

चौकीत पोचतात तो पायरीवर एक म्हातारी होत आलेली बाई ताठ बसलेली. थोरल्याची बायको. नवरा गेल्यापासून एकटी राहायची. धाकटा रोज तिच्याकडे जेवायला यायचा, तिचं दुखलंखुपलं बघायचा. त्यावरून लोकांनी दोघांना काय काय नावं ठेवली, पण त्याने कधी लग्न केलं नाही आणि तिने कधी दार बंद केलं नाही. जुन्या गेमविषयी भेटायचंय एवढाच उकऱ्याचा फोन आल्याचं त्याने तिला जेवताना सांगितलं होतं आणि आता तालमीतली पोरं तिच्याकडे धावत गेली होती.

“भाऊजींना सोडा,” ती म्हणाली. “नवऱ्याला मी ढकललं. जिन्यावरून. त्या दुपारी त्यांनी मला भाऊजींसमोर मारलं होतं. माझं डोकं फिरलं.”

“वहिनी, तुम्ही गप्प बसा,” धाकटा गाडीतूनच गरजला.

“तुम्ही गप्प बसा, भाऊजी.”

एका खुनाला दोन आरोपी आणि दोघेही ऐकायला तयार नाहीत. हवालदाराने डोक्याला हात लावला. बाईंना मात्र पहिल्यांदाच बरं वाटलं, कारण दोघांपैकी एकालाही गज ठाऊक नव्हता. पण नुसतं बरं वाटून भागणार नव्हतं. पडद्यावर मुखवटा धाकट्याचा आणि हातही डावा. हे चित्र न्यायाधीशासमोर गेलं असतं तर धाकटा फासावर गेलाच असता, आणि ही वहिनी उरलेलं आयुष्य काय करून जगली असती कोण जाणे. बाईंनी दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं आणि त्या मालकाकडे निघाल्या.

मालकाची कचेरी म्हणजे नुसता झगमगाट. ‘पोलादी पंजा’ नव्या रूपात बाजारात येणार होता, त्याची तयारी चाललेली. दारात मुखवट्याचा माणसाएवढा पुतळा. मालक पांढऱ्या केसांचा, गोड बोलणारा, आणि पंजा असा की बाईंचा हात त्यात हरवून गेला. त्याने बाईंना नव्या गेमचं गुळगुळीत पत्रक दिलं. बाईंनी ते कडेला धरून नीट पिशवीत ठेवलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. थोरला गेला तेव्हा तो परगावी होता. बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला, तोवर सगळं आटोपलेलं. शेवटच्या दिवसाची टेप त्याने कधी पाहिलीच नाही.

“मुखवटा तुम्ही कधी घातला होता?”

“मी? अहो, मी खुर्चीतला माणूस.”

“गेममध्ये हत्यारं होती?”

“छे. नुसत्या मुठी. नावातच आहे ना ते.”

“उकऱ्याच्या खोलीवर कधी गेला होतात?”

“हा माणूस कुठे राहतो तेसुद्धा मला माहीत नाही. कचेरीत रोज असले शंभर फोन येतात.” मग त्याने उसासा टाकला आणि आवाज खाली आणून सांगितलं, की भावाभावांत वहिनीवरून धुसफूस होती. त्याला स्वतःला कुणावर आळ घ्यायचा नाही, पण धाकट्याचा हात भारी पडायचा. आळ घ्यायचा नाही म्हणत त्याने तो पुरता घेऊन टाकला.

राहिली चित्रं कापणारी बाई. तिला सगळे कात्री म्हणत. दिवसचे दिवस मशीनसमोर बसून टेपमधला माणूस ठिपक्या-ठिपक्याने कापून काढायचा, मागची भिंत पुसायची आणि नुसता माणूस गेममध्ये ठेवायचा, हे तिचं काम. त्या कामाने डोळे गेल्यात जमा होते. बाईंनी छापून आणलेलं चित्र तिने नाकाला लावून पाहिलं आणि लगेच ओळखलं.

“काल त्या पोराने फोनवर विचारलं, हा वार गेममध्ये का नाही? मी म्हटलं, मालकांना विचार.” एवढं बोलून तिने चित्र खाली ठेवलं. उकऱ्या मेल्याचं बाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि आपण त्याला कुठे पाठवलं हे तिच्या तेव्हाच ध्यानात येत असावं.

मग तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी दिवेलागणीला ती नेहमीसारखी कॅमेऱ्यातली टेप काढायला गेली. कॅमेरा आपला तिकाटण्यावर उभा, खोलीत कुणी नाही. जिना इमारतीच्या पाठीमागे, तिकडे ती फिरकलीच नाही. घरी येऊन कापायला बसली. शेवटचा वार पाहून ती हरखली. रबरी गज असेल, दोघांनी हौसेने काहीतरी नवीन केलं असेल, असं तिने धरलं.

“इतकं खरं पडणं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं वाटलं, म्हणून तर मला आवडलं होतं,” ती म्हणाली आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, की आवडलं होतं तर गेममध्ये का नाही?

“दुसऱ्या दिवशी सकाळीच मालक आले. थोरला जिन्यावरून पडून गेला म्हणाले. टेप घेऊन गेले आणि मला म्हणाले, तो गजाचा वार काढून टाक, घरच्यांना बघवणार नाही. मी काढून टाकला.”

“मग हा कुठून आला?”

कात्रीला बाईंच्या अडाणीपणाची कीव आली असावी. काढून टाकणं म्हणजे काही पुसणं नव्हे, ती म्हणाली. कॅसेटीत सगळं एकमेकांना चिकटून बसवलेलं असतं. मधलं एक उपसलं की पुढचं सगळं जागचं हलतं आणि गेम कोसळतो. म्हणून त्यांच्यात कुणीच कधी काही पुसायचं नाही. नुसती तिकडे जाणारी वाट तोडायची. मालक पैसा आणायचे, त्यांना यातलं काय ठाऊक?

बाई उठल्या आणि दाराशी जाऊन परत वळल्या. “पट्टा,” त्या म्हणाल्या. “डब्यावर उजव्या खांद्यावर आहे. या चित्रात डाव्या. असं कसं?”

“अहो, जागा वाचवायला सगळे पहिलवान उजवीकडे तोंड करूनच ठेवायचे. डावीकडे वळवायचा असेल तर गेम स्वतःच आरशासारखा उलटा करतो. खेळताना पट्टा सारखा इकडून तिकडे होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. टेपमध्ये जो डावीकडे तोंड करून उभा असेल त्याला मीच आधी उलटा करून—” कात्री बोलता बोलता गप्प झाली. इतकी वर्षं माणसं उलटीसुलटी करून तिच्या लेखी डावं-उजवं उरलंच नव्हतं. तिने चित्र पुन्हा नाकाला लावलं.

संध्याकाळी बाईंनी चौघांना चौकीच्या मागच्या खोलीत बोलावलं. वहिनी, धाकटा, कात्री आणि मालक. मालक घड्याळाकडे बघत आला आणि खुर्चीत पाय पसरून बसला.

बाईंनी टेबलावर दोन चित्रं ठेवली. डब्याचं झाकण आणि गजाचा वार.

“झाकणावरची अक्षरं सरळ वाचता येतात, म्हणजे फोटो सुलटा आहे. पट्टा उजव्या खांद्यावर. गजवाल्या चित्रात तो डाव्या खांद्यावर आहे, म्हणजे हा माणूस उलटा करून ठेवलाय. त्याला सुलटा करा. पट्टा जागेवर जातो आणि गज जातो उजव्या हातात.” त्या धाकट्याकडे वळल्या. “हात दाखव.”

धाकट्याने उजवा हात टेबलावर ठेवला. तीन बोटांचा तो पंजा सगळ्यांनी पाहिला.

“या हाताला पेला पेलत नाही. गज काय पेलणार? मुखवटा याचा होता, आतला माणूस दुसरा होता. आता हे दोघं. एक डंबेल म्हणतो, दुसरी ढकललं म्हणते. मेलेला गजाने मेला, हे दोघांनाही ठाऊक नाही. ठाऊक कुणाला होतं? टेप कात्रीबाईंनी एकटीने पाहिली. या गेममध्ये गज नाही, मुठी आहेत, हे तुम्हीच मला सांगितलंत, मालक. तो वार कधी ठरलेलाच नव्हता. तुम्ही परगावी होतात, टेप पाहिली नाहीत. मग दुसऱ्या दिवशी सकाळीच यांच्या दारात उभं राहून गजाचा वार काढून टाक म्हणून कसं सांगितलंत?”

मालक हसला. “म्हाताऱ्या बाईची आठवण ती. याच्यावर तुम्ही मला लटकवणार?”

“नाही. त्यासाठी पंजाचा ठसा आहे. उकऱ्या खुशीत होता. तुमच्या नव्या गेमसाठी त्याला आयता नवा वार सापडला होता, तो तुम्हाला भेट द्यायचा होता. तुम्ही त्याच्या खोलीवर गेलात. त्याने पाठ वळवून तुम्हाला तो दाखवला आणि तुम्ही हातोडा उचललात. मग टीव्ही बंद करायला वाकलात आणि बघतच राहिलात. तुम्हाला पक्कं आठवत होतं की मारलं उजव्या हाताने, आणि पडद्यावर तर डावा. देव पावला म्हणून टीव्ही चालूच ठेवलात. पण वाकताना काचेवर हात टेकला. त्या धुळीतला पंजा आणि आज मला दिलेल्या पत्रकावरचा पंजा एकच आहे. ज्या माणसाचं घर माहीत नाही, त्याच्या टीव्हीवर तुमचा हात कसा?”

मालकाने पसरलेले पाय आखडून घेतले. मग बोलला तेव्हा त्याचा गोडवा पार उतरला होता.

“पडायचाच नाही तो नीट. नाटकी पडायचा. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. लोकांना खरी भीती पाहिजे, खरं पडणं पाहिजे. मला हसला. म्हणाला, मालक, तुम्ही मारून दाखवा. घातला मुखवटा, लावला कॅमेरा. दाखवलं मारून. ओढत नेऊन जिन्याखाली टाकला, पोशाख शेजारी फेकला, आणि टेपेसाठी परत येईतो ही ती घेऊन गेलेली.”

पश्चात्ताप शोधू म्हटलं तरी त्या चेहऱ्यावर सापडला नसता. त्याची नजर कात्रीवर गेली. “तुला काढून टाक म्हटलं होतं,” तो म्हणाला आणि टेबलावरून झेपावून त्याने दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. खुर्ची उलटली, कात्रीचं डोकं फरशीवर आपटलं. हवालदार उठेपर्यंत धाकटा पोचला होता. त्याने डावी मूठ एकदाच चालवली. जबडा मोडल्याचा आवाज बाहेरच्या शिपायालाही ऐकू गेला. मालक भिंतीवर जाऊन आदळला आणि दात थुंकत खाली बसला. धाकट्याने मूठ पुन्हा उगारली, तेव्हा बाई मध्ये उभ्या राहिल्या. “बास. हा मला जिवंत हवाय.”

मालकाला नेलं, कात्रीला दवाखान्यात पाठवलं. खोलीत दीर आणि भावजय उरले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

बाईंना अजून एक कोडं सुटलेलं नव्हतं. तो मुखवट्याचा पोशाख पुन्हा कधीच कुणाला दिसला नाही. गेला कुठे?

“मी जाळला,” वहिनी म्हणाली. ती त्या संध्याकाळी नवऱ्याचा डबा घेऊन गेली होती. जिन्याखाली नवरा आणि शेजारी रक्ताने भरलेला पोशाख. पोशाख दिराचा. दुपारी आपल्याला मारलेलं त्याने पाहिलं होतं, हात मोडीन म्हणाला होता. तिने पोशाख उचलला, घरी नेऊन चुलीत घातला आणि मगच परत जाऊन ओरडली.

धाकटा फरशीकडे बघत म्हणाला, “मी खिडकीतून पाहिलं तुम्हाला. पट्टा जळत होता. मला वाटलं, तुम्हीच.”

म्हणजे त्याला वाचवायला तिने पुरावा जाळला आणि तो जाळताना पाहून त्याने तिला खुनी ठरवलं. खरा खुनी तीस वर्षं या दोघांच्या मायेआड सुखाने बसला होता. बाईंनी खूप खून पाहिले होते, पण असा हिशेब पाहिला नव्हता, आणि त्यांना भयंकर राग आला. कुणावर काढावा ते मात्र कळेना.

वहिनी उठली. दिरासमोर गेली आणि तिने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

“इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलात,” ती म्हणाली, “आणि मला खुनी समजून जेवलात?”

“तुम्हीही मला तसंच समजून वाढलंत ना.”

एवढा दाराएवढ्या खांद्यांचा माणूस, दोन्ही हातांत तोंड लपवून हुंदके द्यायला लागला. बाई खिडकीकडे वळल्या आणि उगाचच रस्ता बघत राहिल्या.

बऱ्याच वेळाने मागून धाकट्याचा आवाज आला. “वहिनी, आज जेवायला येऊ का?”

“न विचारता येत होतात की रोज,” वहिनी म्हणाली. “आजच काय विचारताय?”